आधी ओटे, मग हातगाडी

प्रश्न : साहेब, आम्ही शहराच्या जुन्या, दाटीच्या भागात राहतो. जूनमध्ये एका संध्याकाळी मिस्टरांच्या छातीत दुखू लागलं. अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. शेवटी मुलाने आणि शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत नेलं. आता ते बरे आहेत. मुलाने नंतर टेप लावून मोजलं. नकाशात रस्ता २४ फुटी आहे. दोन्ही बाजूंचे दुकानांचे ओटे ४-४ फूट, एका बाजूला लावलेल्या दुचाकी ६ फूट आणि भाजीची हातगाडी ४ फूट. महापालिकेची गाडी दोन-तीन महिन्यांनी येते, भाजीवाल्या मावशींचा माल उचलते आणि जाते. त्या संध्याकाळी मावशींनी हातगाडी ओढायचा खूप प्रयत्न केला, पण सरकवायला जागाच नव्हती. तक्रार केली तर पहिली त्यांच्यावरच येईल, म्हणून हात धजत नाही. काय करावं?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने जे केलं ते फार थोडे तक्रारदार करतात. त्याने मोजमाप घेतलं. आता त्याच आकड्यांचा हिशेब करू. २४ फुटांतले ६ उरतात आणि अँब्युलन्सला आरशांसह साडेसहा-सात तरी लागतात. नुसती हातगाडी उचलली तर रस्ता १० फूट होईल, पण तिथे दुसऱ्याच दिवशी दुचाकी लागतील. दोन्ही ओटे काढले तर हातगाडी आहे तिथेच राहूनही १४ फूट मोकळे होतात. अग्निशमनाची गाडी साधारण अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट रुंद असते. तीही आत येईल.

मग कारवाई दर वेळी हातगाडीवरच का होते? मी २६ वर्षं अतिक्रमण विभागात काढली, म्हणून सांगतो. हातगाडी उचलायला एक ट्रक आणि चार माणसं पुरतात. ओटा फोडायला जेसीबी, पोलीस बंदोबस्त आणि वरिष्ठांचा ठाम पाठिंबा लागतो. महिन्याच्या अहवालात मात्र दोन्ही ‘एक कारवाई’ म्हणूनच मोजले जातात. मी स्वतः अशा कित्येक पंचनाम्यांवर सह्या केल्या. जप्त केलेली मेथी गोदामात दोन दिवसांत काळी पडायची आणि तिची मालकीण दाराशी बसून असायची. ते चुकीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

कायदा काय म्हणतो? रस्त्यावरचा ओटा, पायरी, गटारावरचा स्लॅब विनानोटीस काढण्याचा अधिकार आयुक्तांना आहे : मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३१४, राज्यातल्या इतर महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम २३१. दुकानदार हल्ली सांगतात की सुप्रीम कोर्टाने बुलडोझर थांबवलाय. नोव्हेंबर २०२४ च्या त्या निकालात १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली हे खरं, पण रस्ता आणि पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ती लागू नाही, असं त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय.

मावशींसाठी मात्र वेगळा कायदा आहे, २०१४ चा पथविक्रेता अधिनियम. त्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचंच झालं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. भाजीसारखा नाशवंत माल जप्त केला, तर विक्रेत्याने मागितल्यावर त्याच दिवशी परत करायचा असतो. जागा ठरवण्यात सल्ला देणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असतात.

आता दुचाकींचे ते ६ फूट. त्यांचं मूळ रस्त्यावर शोधू नका. इमारतींच्या खाली मंजूर नकाशात पार्किंग दाखवलेलं असतं. तिथे भिंती घालून गाळे काढले की गाड्या बाहेर येतात. तुमच्या गल्लीत तसं झालं असेल, तर त्याचा वेगळा अर्ज अतिक्रमण विभागाकडे नाही, बांधकाम विभागाकडे द्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढायला सांगा. आधी स्वतःच्या इमारतीचं पार्किंग बघून घ्या. शेजारी पहिला प्रश्न तोच विचारतील.

तक्रारीत नुसतं ‘अतिक्रमण काढा’ असं लिहू नका. मुलाने घेतलेली मापं, फोटो, अँब्युलन्स अडकल्याची तारीख आणि वेळ लिहा. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक ओट्याची नोंद करा, एकही वगळू नका, अगदी ओळखीच्या दुकानदाराचाही. प्रभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या.

आणखी एक मागणी त्यात आवर्जून टाका, कारण माझ्या नोकरीतल्या बहुतेक कारवाया इथेच वाया गेल्या : ओटे तोडतील त्याच दिवशी तिथे पदपथाचं काम सुरू व्हावं. एका गल्लीत आम्ही सकाळी ओटे काढले आणि राडारोडा तसाच टाकून आलो. तिसऱ्या दिवशी त्यावर फळ्या टाकून दुकानं पुन्हा पुढे आली होती. दुसऱ्या गल्लीत स्थापत्यच्या कनिष्ठ अभियंत्याने जेसीबीच्या मागेच कर्ब स्टोन आणि पेव्हर ब्लॉकचा ट्रक उभा केला. रात्री आठला लोक त्यावरून चालत होते. मी निवृत्त होईपर्यंत तो पदपथ मोकळा होता.

मावशींना मात्र आजच भेटा. सर्वेक्षणात त्यांचं नाव आलंय का, प्रमाणपत्र मिळालंय का, ते विचारा. नसेल तर मुलाला त्यांचा अर्ज भरून द्यायला सांगा, आणि तुमची तक्रार व त्यांचा अर्ज एकाच दिवशी प्रभाग कार्यालयात द्या. तिथे जाताना त्यांना सोबत घ्या.