हळदीच्या वायद्यात चार लाख लावावेत का?

प्रश्न (थोडक्यात): मी पिंपरीत नोकरी करतो, पगार हातात ६८ हजार येतो. मुलगी अकरावीत आहे. तिच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी साठवलेले चार लाख बँकेत पडून आहेत. ऑफिसातला मित्र म्हणतो, मार्च-एप्रिलमध्ये आवक वाढली की हळद पडते आणि ऑगस्टपर्यंत चढते. आत्ताच ऑगस्टचा वायदा घेऊन ठेव. २०२३ चा चार्टही त्याने दाखवला. गावी, वसमत तालुक्यात, भाऊ तीन एकर हळद करतो, त्यामुळे पीक मला नवीन नाही. घ्यावा का?

उत्तर: या पैशातून घेऊ नका. वायदा म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या ठरलेल्या महिन्यात माल घेण्या-विकण्याचा करार. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमचा मित्र खोटं बोलत नाहीये आणि म्हणूनच त्याचं बोलणं पटकन पटतं.

हळदीची लागण जून-जुलैत होते, काढणी जानेवारीपासून. शिजवून, वाळवून, पॉलिश करून माल बाजारात यायला फेब्रुवारी ते मे. हिंगोली, वसमत, नांदेड, सांगली आणि तेलंगणातलं निझामाबाद, सगळीकडे एकदम आवक होते आणि भाव दबतो. हे तुमच्या भावाला माहीत आहे, तसं सांगलीच्या अडत्याला, मसाला कंपनीच्या खरेदीदाराला आणि कोल्ड स्टोरेज भरून बसलेल्या स्टॉकिस्टलाही माहीत आहे. त्यामुळे ऑगस्टच्या वायद्यात ती चढण बऱ्याचदा आधीच धरलेली असते. समजा आज हजर, म्हणजे प्रत्यक्ष मालाच्या, बाजारात क्विंटलला १४,००० भाव आहे आणि ऑगस्टचा वायदा १४,६०० ला चाललाय. मधले ६०० म्हणजे गोदामाचं भाडं, व्याज, घट आणि थोडी अपेक्षा. ऑगस्टमध्ये हळद १४,५०० झाली तर तुमचा अंदाज बरोबर ठरेल आणि तरीही तुम्ही तोट्यात असाल. पैसे मिळायचे तर भाव बाजाराच्या अंदाजाच्याही पुढे जायला हवा. तो जाईल असं मानायला तुमच्याकडे काय आहे, हे स्वतःला विचारा.

आता तो चार्ट. २०२३ च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास असलेली हळद ऑगस्टमध्ये सोळा हजारांच्या वर गेली, हे खरं. पण ती नुसत्या हंगामाची तेजी नव्हती. आधी भाव पडलेले असल्याने अनेकांनी लागण कमी केली, त्यात पाऊस लांबला. आता पुढचं वर्ष बघा, जे मित्राने दाखवलं नाही. २०२४ मध्ये ऐन आवकेच्या दिवसांत, एप्रिलमध्ये, वायदा वीस हजारांच्या घरात होता आणि ऑगस्टपर्यंत हजारोंनी खाली आला. एप्रिलमध्ये घ्या, ऑगस्टमध्ये विका हेच सूत्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोन टोकांना गेलं. हळद टिकणारा माल आहे. सांगलीजवळ हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं ठेवायचे. भाव वाढला की जुना साठा बाहेर येतो, आणि तो कोणाकडे किती आहे हे चार्टवर दिसत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला मार्जिनची, म्हणजे सौद्यासाठी आधी भरायच्या अनामत रकमेची, वाटते. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचा एक लॉट, म्हणजे सौद्याचं सर्वात लहान माप, पाच टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा. १४,००० भावाने सात लाखांचा माल. मार्जिन ढोबळमानाने लाखभर धरलं तर चार लाखांत चार लॉट बसतात, आणि ब्रोकर तेवढे घेऊ देईल. म्हणजे २८ लाखांची हळद तुमच्या नावावर. एका दिवसात चार टक्के भाव पडला, तर क्विंटलला ५६० रुपये, लॉटला २८ हजार, चार लॉटला १ लाख १२ हजार. हा तोटा कागदावर राहत नाही. हिशोब रोजच्या रोज होतो आणि रक्कम खात्यातून जाते. ती लगेच भरली नाही तर ब्रोकर सौदा कापतो, म्हणजे परस्पर विकून बंद करतो, मग ऑगस्टमध्ये हळद कुठेही जावो. खालचं सर्किट, म्हणजे एका दिवसातल्या घसरणीची मर्यादा, लागलं तर विकायचं म्हटलं तरी खरेदीदार मिळत नाही, दुसऱ्या दिवसाची वाट बघावी लागते. चढउतार वाढले की एक्स्चेंज मार्जिनही वाढवतं, म्हणजे पैशाची सर्वात जास्त चणचण असते तेव्हाच आणखी मागणी येते. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत तर ते आणखी चढतं, कारण हळदीत डिलिव्हरी सक्तीची आहे. त्याआधी बाहेर पडला नाहीत तर पाच टन हळद गोदामातून उचलायची, जीएसटी नोंदणीसकट.

नियमांचाही एक धोका आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने हरभरा, सोयाबीन, मोहरी, गहू, मूग अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि बंदी नंतर वाढवत नेली. हळद त्या यादीत नव्हती. पण खाण्याच्या मालाचा भाव भडकला की सरकार हात घालतं, हे धरूनच चालावं लागतं.

तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ शेवटी आली आहे: भाऊ तीन एकर हळद करतो. एकरी वीस क्विंटल वाळलेला माल धरला तरी साठ क्विंटल झाले, म्हणजे एका लॉटपेक्षा जास्त हळद तुमच्या कुटुंबाकडे आधीच आहे. त्यावर आणखी चार लॉट घेतले तर हळद पडली की गावचं घर आणि पिंपरीचं घर एकाच वेळी अडचणीत येईल. वायद्याचा खरा उपयोग शेतकऱ्याला विकून भाव बांधून घेण्यासाठी असतो. पण एकट्या भावाने तेही करावं असं मी म्हणणार नाही. भाव चढला तर विकणाऱ्यालाही रोज मार्जिन भरावं लागतं, आणि कंदकूज होऊन माल कमी निघाला तर हातात नुसता सौदा उरतो. शेतकरी कंपनीमार्फत, एकत्र मालावर, ते जमू शकतं.

ऑगस्टपर्यंत हळद वाढेल असं तुम्हाला खरोखर वाटत असेल तर भावाची हळद थांबवा. काढणी, शिजवणी आणि मजुरीची देणी भागवायला बहुतेक शेतकरी एप्रिलमध्येच माल विकतात. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत हळद आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने. वसमतच्या बाजार समितीत यंदा योजना चालू आहे का आणि गोदामात जागा आहे का, ते भावाला आधी विचारायला सांगा. सगळा माल नको, निम्मा ठेवावा, निम्मा विकून देणी फेडावीत. भाव पडला तर त्या निम्म्यावर नुकसान होईल, पण मधल्या एका वाईट आठवड्यात रोज मार्जिन मागून कोणी सौदा कापणार नाही.

उद्या वेगळे, फीशी संबंध नसलेले पैसे आले आणि तरीही हात घालावासा वाटला, तर एकच लॉट, मार्जिनच्या किमान तिप्पट रक्कम बाजूला ठेवून, आणि डिलिव्हरीचे दिवस सुरू होण्याआधी बाहेर. हे उत्पन्न व्यवसायाचं धरलं जातं, रिटर्न आयटीआर-३ मध्ये भरावा लागतो आणि तोटा पगारातून वजा होत नाही.

चार लाखांचं म्हणाल तर पहिली फी साधारण दीड-दोन वर्षांवर आहे. दोन-दोन लाखांच्या दोन एफडी करा: एक बारावीच्या परीक्षेनंतर लगेच, मे महिन्यात मोकळी होणारी, दुसरी त्यानंतर वर्षभराने. बचत खात्यात पडून राहण्यापेक्षा व्याज बरं मिळेल आणि प्रवेशाच्या वेळी पहिल्या वर्षाची रक्कम हातात असेल.