शाई घरी भरली म्हणून वॉरंटी गेली का?

प्रश्न: प्रिंटर घेऊन आठ महिने झालेत, वॉरंटी एक वर्षाची आहे. दोन महिन्यांपूर्वी काळं कार्ट्रिज घरीच सिरिंजने रिफिल केलं, प्रिंट अगदी व्यवस्थित येत होती. आता कागद आत ओढतच नाही, नुसती घरघर. सर्व्हिस सेंटरवाल्याने झाकण उघडलं, कार्ट्रिज बघितलं आणि म्हणाला, रिफिल केलंय, वॉरंटी संपली, पैसे भरा. मी घरून टायपिंगची कामं घेते, त्यासाठीच प्रिंटर आहे. रिफिल करणं बेकायदा असतं का?

उत्तर: ताई, आधी शेवटचं सांगतो, नाही. कार्ट्रिज तुम्ही विकत घेतलंय, त्यात स्वतःच्या वापरासाठी काय भरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रिफिल केलेलं कार्ट्रिज ओरिजिनल म्हणून कुणाला विकलंत तर मात्र गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही काही केलेलं नाही.

आता वॉरंटी. कार्ड बाहेर काढा आणि बारीक अक्षरातलं वाक्य नीट वाचा. बऱ्याच कार्डांवर 'दुसऱ्या शाईमुळे झालेला बिघाड' वॉरंटीत येत नाही असं असतं, 'दुसरी शाई वापरली की वॉरंटी रद्द' असं नसतं, आणि काउंटरवरचा माणूस बिनधास्त दुसरं वाक्य सांगतो. तुमची सगळी केस त्या 'मुळे' वर उभी आहे. कागद ओढतो तो रबरी पिकअप रोलर, शाईचा आणि त्याचा संबंध काय? शाई सांडून तिथपर्यंत गेली असेल तरच, आणि तसं असेल तर डाग दिसतील ना! म्हणून आत्ताच मोबाईलवर झाकण उघडून आतले फोटो काढा, घरघर करतानाचा व्हिडिओ घ्या.

प्रिंट फिकी येत असती, रेघा पडत असत्या तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो. काही मॉडेलमध्ये प्रिंट हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, कार्ट्रिजलाच असतं, तिथे खराब शाईने बहुतेक वेळा कार्ट्रिजच वाया जातं, पण हेड मशीनमध्ये बसवलेलं असेल आणि चुकीची शाई आत वाळून नोझल, म्हणजे शाई बाहेर पडायची बारीक भोकं, बंद झाले तर कंपनीच्या म्हणण्यात दम असतो, तिथे मी पण भांडायला जाणार नाही.

एक करा, वकिलाने सांगायची गोष्ट नाही खरं तर. फोटो-व्हिडिओ झाले की प्लग काढून रोलर किंचित ओल्या कपड्याने पुसा, कागदाची धूळ बसली की तो घसरतो, बरेचदा एवढ्यानेच चालू होतो आणि माझी गरजच उरत नाही. पण स्क्रू काढून मशीन खोलू नका, मग म्हणतील तुम्हीच बिघडवलं.

नाहीच चाललं तर सर्व्हिस सेंटरकडून जॉब शीटवर नकाराचं कारण लेखी मागा. लिहून द्यायची वेळ आली की बरेच जण नरमतात. देत नसतील तर तुम्हीच ईमेल करा, की अमुक तारखेला तुम्ही रिफिलचं कारण देऊन दुरुस्ती नाकारली, कागद न ओढण्याशी शाईचा संबंध काय ते पंधरा दिवसांत लेखी कळवा. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पाठवा. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, तिथे पैसे लागत नाहीत.

तरी हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आणि वाद उभा राहिल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, तुमच्या प्रिंटरला तर प्रश्नच नाही. दोष नेमका कशामुळे यावर फारच वाद झाला तर आयोग मशीन लॅबकडे तपासायला पाठवू शकतो, म्हणून ते जसंच्या तसं ठेवा.

तिथे समोरचा वकील हमखास म्हणेल की ह्या बाई धंदा करतात, ग्राहक नाहीतच. घाबरू नका, पोट भरण्यासाठी स्वतः राबून काम करणाऱ्याला, वस्तू फक्त त्याच कामासाठी घेतली असेल तर, कायदा ग्राहकच मानतो. फक्त प्रिंटरवर माणसं कामाला ठेवलीत असं कुठे बोलून बसू नका, ठेवली नसतील तर.

आणि हो, ते रिफिल केलेलं कार्ट्रिज फेकू नका, सर्व्हिसवाल्याने मागितलं तरी पावती घेतल्याशिवाय देऊ नका.