अहवालातलं ‘समुपदेशन केले’

प्रश्न : ताई, आमची संस्था वस्तीतल्या एकल महिलांसोबत काम करते. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) पहिल्या वर्षाच्या दोन मुली आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्कला येतात. मुली गुणी आहेत, पण अहवाल दर वेळी तोच : ‘गृहभेट दिली, योजनेची माहिती दिली, समुपदेशन केले.’ वाचून सही करते, पण त्या काही शिकतायत का, हेच कळत नाही. काय करू?
– एक पर्यवेक्षक, सोलापूर

उत्तर : पुढच्या वेळी सही करण्याआधी त्यातली एकच भेट निवडा आणि विचारा, ‘बाई काय म्हणाल्या? त्यावर तू काय म्हणालीस?’ पानाच्या एका बाजूला संवाद, दुसऱ्या बाजूला तेव्हा मनात काय आलं ते. सगळ्या भेटी असं लिहिणं जमणार नाही, आठवड्याला एक पुरे.

माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं ‘निराधार योजनेची माहिती दिली’ एवढंच लिहिलं होतं. संवाद लिहायला लावला, तेव्हा बाईंचं एक वाक्य वर आलं : ‘कागद दिराकडं आहेत.’ संजय गांधी निराधार योजनेला विधवेकडून नवऱ्याचा मृत्यू दाखला मागतात. योजना बाईंना पाठ होती, अडलं होतं दाखल्यापाशी, आणि दिराकडं मागायची त्यांना भीती वाटत होती. मुलीला हे ऐकू आलं होतं, पण ते लिहिण्याजोगं वाटलं नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969च्या कलम 17 नुसार मृत्यूचा दाखला निबंधकाकडून मागता येतो, दिराला विचारावं लागत नाही. मग दोघी मिळून नोंदणी कार्यालयात गेल्या. बाईंच्या भीतीबद्दल बोलणंही तिथल्या बाकावरच सुरू झालं. मी त्याला समुपदेशन म्हणते.

आयसीचा, म्हणजे ‘इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स’चा, एकेका मुलीशी स्वतंत्र बसून बोलण्याचा वार ठरवून टाका आणि तेवढा वेळ फोन बाजूला ठेवा. जाता-येता जिन्यात विचारलेलं ‘काय गं, ठीक ना?’ म्हणजे आयसी नव्हे. अहवालात बाईंचं खरं नाव, पत्ता नको. ती वही कॉलेजात जाते, तोंडी परीक्षेत उघडली जाते.

आणि एक कळकळीनं सांगते. माणसं कमी आहेत म्हणून या मुलींना दिवसभर सर्व्हेचे फॉर्म भरायला बसवू नका. त्यांच्याकडं दोन-तीन कुटुंबं सोपवा आणि वर्षभर तीच राहू द्या. कॉलेजच्या पर्यवेक्षकांनाही सत्र संपायची वाट न पाहता आत्ताच वस्तीत बोलवा. मूल्यमापनाचे गुण ठरवताना त्यांनी या मुलींना काम करताना पाहिलेलं असायला हवं.