अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली का? इम्युनिटी वाढवायचं काही घ्यावं का?

नाही, कमी झालेली नसते, उलट आतड्यात ती नको तेवढी भडकलेली असते, त्यामुळे मेडिकलमधून इम्युनिटी बूस्टरच्या बाटल्या आणू नका. मी इथे सोलापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, बायोप्सीच्या स्लाइडवर हे दिसतं, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींत घुसून बसलेल्या असतात, आणि त्यांच्यातलंच कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन शौचात उतरतं म्हणून डॉक्टर ती टेस्ट सांगतात. पण न्यूट्रोफिल बोलावल्यावर येणारे, बोलावणारे वेगळेच, मुख्यतः मॅक्रोफेज आणि टी पेशी, याही प्रतिकारशक्तीच्याच पेशी. एरवी पोटातल्या नेहमीच्या जंतूंना त्या चालवून घेतात, या आजारात मात्र त्यांच्यावरच उठतात आणि टीएनएफ, आयएल-२३ असली रसायनं सोडत राहतात, मग सूज काही थांबत नाही. (शेंगाचटणीमुळे आजार झाला असं घरचे म्हणत असतील तर तसं नसतं, आजार उसळलेला असताना तिखटानं त्रास वाढू शकतो एवढंच.) म्हणून औषधंही या पेशींना आवरणारीच असतात, इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफला अडवतं, आणि वेडोलिझुमॅब तर ठरावीक टी पेशींना रक्तातून आतड्यात शिरूच देत नाही, मला तरी हे लय भारी वाटतं. फक्त एक, टीएनएफ अडवलं की अंगात दबलेला टीबी उठू शकतो, त्यामुळे इन्फ्लिक्सिमॅब चालू करण्याआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी सांगितली तर टाळू नका.