माझ्या कविता क्रिएटिव्ह कॉमन्सखाली टाकल्या तर भारतात त्या परवान्याला काही अर्थ आहे का? नंतर तो मागे घेता येतो का?

क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे आपलं काम ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरू देणारे तयार परवाने. त्यांना अर्थ आहे, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मालकाने लेखी परवाना दिला की झालं. सहीची अट २०१२च्या दुरुस्तीत गेली. 'फुकट दिलं म्हणजे हक्क सोडला' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आमचे दाजी हेच सांगतात.

राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्याचा, म्हणजे खडकातल्या आरपार भोकाचा, माझा फोटो मी विकिमीडिया कॉमन्सवर (मोफत वापरता येणाऱ्या फोटोंचा ऑनलाइन साठा) बाय-एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली टाकला होता. छापा, विका, पण नाव द्या (हे 'बाय'), परवाना सांगा, आणि बदल करून वाटलंत तर याच परवान्याखाली वाटा (हे 'एसए'). डिसेंबरात सलूनमध्ये बसलो होतो, समोर नवं कॅलेंडर. नेढं काय, शंभर जणांनी टिपलेलं असतं. पण खाली खडकावर माझी निळी सॅक, तुटक्या बंदाला सुतळी बांधलेली! माझं नाव कुठेच नाही, छापखान्याचा नंबर मात्र ठळक.

गेलो. मालक म्हणाले, "नेटवर फुकट होता साहेब." चहा पाजला, वर दोन कॅलेंडरं गुंडाळून हातात दिली. मी फोनवर परवानाच उघडून दाखवला: अट मोडली की परवाना आपोआप संपतो, चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर पुन्हा लागू होतो. पठ्ठ्याने उरलेल्या गठ्ठ्यावर माझ्या नावाचा रबरी शिक्का मारला. तिरका, पण मारला.

दाजींचं म्हणणं, एनसी (धंद्यासाठी वापरू नका, ही अट) लावलं असतंस तर पैसे मिळाले असते. कसले मिळतायत! ज्याने बाय वाचलं नाही तो एनसी वाचणार? शिवाय एनसी लावलेलं कॉमन्स घेतच नाही. कवितांनाही बाय-एसएच लावा.

हां, दिवाळी अंकात छापून आलेल्या कविता असतील तर संपादकांना काय लिहून दिलंय ते आधी बघा. मुळात हक्क तुमच्याकडे असला तरच परवाना देता येतो. दाजी लग्नाचे फोटो काढतात आणि प्रत्येक फोटोवर स्वतःचा लोगो ठोकतात. कलम १७ नुसार पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा, वेगळा करार नसेल तर. दाजींनी आजवर एकाही यजमानाकडून काही लिहून घेतलेलं नाही.