गोठवलेली ओळ की खिळवलेली ओळ?

मुंबईत ज्येष्ठ नागरिकांना मराठीतून एक्सेल शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की नोट्समध्ये 'फ्रीज पेन्स'ला काय लिहू, 'गोठवणे', 'थिजवणे' की अजून काही? म्हणजे आपण खाली किंवा उजवीकडे स्क्रोल करत गेलो तरी वरची मथळ्यांची ओळ आणि डावीकडचा नावांचा रकाना दिसत राहतो ना, ते.

ताई, 'थिजवणे' सोडूनच द्या. तूप थिजतं, खोबरेल थिजतं, फार तर भीतीने माणूस थिजतो, पण मी अमुक थिजवलं असं आपल्यात सहसा कोणी बोलत नाही.

'गोठवणे' मात्र नीट बघायला हवा, कारण शब्दाला शब्द म्हणून तो बरोबर आहे आणि नेमका तिथेच घोळ होतो. आपण हा शब्द सगळ्यात जास्त वाचतो कुठे, तर पेपरात. बँकेतलं खातं गोठवलं, २०२० ला कोविडमध्ये केंद्राने महागाई भत्ता गोठवला, ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचं धनुष्यबाण चिन्ह गोठवलं. सगळीकडे अर्थ हाच की आता याला हात लावायचा नाही, जे आहे ते बंद. एक्सेलमधली ती ओळ तर बंद नसतेच, तिच्यात टाइप करा, खोडा, रंग द्या, नवीन रकाना घुसवा, सगळं चालतं, फक्त ती स्क्रीनवरची जागा सोडत नाही.

हे मला आमच्या सोसायटीत कळलं. मेंटेनन्सचं शीट मी बनवलेलं, ८४ फ्लॅट, वर पाणीपट्टी, सिंकिंग फंड, पार्किंग, व्याज असे रकाने, आणि खजिनदारपद दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलं तेव्हा मी चिठ्ठीत लिहून दिलं की वरची ओळ गोठवलेली आहे. आठ दिवसांनी काकूंचा फोन, "अरे, लिफ्टच्या वर्गणीचा रकाना वाढवायचाय, पण तू ते गोठवून ठेवलंयस ना, मग मी वहीतच लिहितेय सगळं." आठ दिवस त्या वहीत लिहीत होत्या! काकूंचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांनी मराठी शब्दाचा मराठी अर्थ घेतला. त्यांनी समजून घेतलं त्याला एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' म्हणतात, ती सोयच वेगळी, आणि 'गोठवणे' हा शब्द द्यायचाच असेल तर खरं म्हणजे तिला द्यावा.

माझं मत 'खिळवणे'ला. खिळा ठोकून जागच्या जागी ठेवणं, आणि आपण बोलतोही तसंच, नाटकाने खिळवून ठेवलं, नजर खिळली. त्यात वापर बंद झाल्याचा वासही नाही. शिवाय छापखान्यातल्या टाइपालाही आपण खिळेच म्हणायचो, १८६९ साली मुंबईत सुरू झालेल्या निर्णयसागरचे खिळे तर नावाजलेले, त्यामुळे अक्षरांच्या दुनियेत हा शब्द परका नाही. 'ओळ खिळवा', 'रकाना खिळवा' असं दोनदा मोठ्याने बोलून बघा, जीभ अडखळत नाही.

आता 'पेन्स'. वर्गात हमखास कोणीतरी लिहायचं पेन समजणार. हे पेन म्हणजे खिडकीचं तावदान, जुन्या चाळींच्या खिडक्यांना रंगीत काचांची असायची ना, तेच. एकाच खिडकीची चार तावदानं, डावीकडचं वरचं पूर्ण खिळलेलं, उजवीकडचं वरचं फक्त आडवं सरकणारं, डावीकडचं खालचं फक्त वर-खाली आणि उजवीकडचं खालचं पूर्ण हलणारं, एवढं फळ्यावर काढून दाखवलंत की काम झालं. नोट्समध्ये मात्र तावदान लिहू नका, ओळ आणि रकानाच लिहा. 'स्तंभ'ही नको, तो पुस्तकातच बरा.

तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी शाळेतला हजेरीपट हाताळला असेल. आमच्या बाईंच्या हजेरीपटात नावं एकदाच डावीकडे लिहिलेली आणि पुढच्या महिन्यांची पानं कडेने कापलेली असायची, पान उलटलं तरी नावं तिथेच. हेच ते, कागदावरचं. यावरून सुरुवात केलीत तर पुढचं पटकन कळेल.

बटणाचं नाव मात्र स्क्रीनवर दिसतं तेच ठेवा, नाहीतर ते शोधत बसतील. मी असं लिहीन: "पहिली ओळ आणि पहिले दोन रकाने खिळवायचे असतील तर सी२ या चौकटीवर क्लिक करा, मग व्ह्यू, मग फ्रीज पेन्स. निवडलेल्या चौकटीच्या वरचं आणि डावीकडचं सगळं जागेवर राहतं. खिळवलेल्या भागातही लिहिता येतं." सी२ का, हे एकदा हाताने करून दाखवा, कारण ए१ वर क्लिक करून फ्रीज केलं की एक्सेल दिसणाऱ्या भागाच्या मध्येच कुठेतरी रेघ मारतं आणि मग शीट बिघडलं म्हणून घाबरतात लोक. सोडवायला तिथेच 'अनफ्रीज पेन्स', त्याला 'मोकळं करा' म्हणा. गुगल शीट्समध्येही व्ह्यूमध्येच फ्रीज आहे, तिथे किती ओळी तेही निवडता येतं.

आणि हो, हे सगळं स्क्रीनपुरतं. प्रिंट काढली की मथळा पहिल्याच पानावर येतो. सगळ्या पानांवर हवा असेल तर पेज लेआउटमध्ये 'प्रिंट टायटल्स' आहे, त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, 'पानोपानी मथळा'.