जाहिरातीच्या व्हॅन : खेळण्यातल्या आणि खऱ्या

प्रश्न : माझ्याकडे लेडो या खेळण्यांच्या कंपनीची छोटी फोर्ड मॉडेल टी व्हॅन आहे, बाजूला एका जुन्या ब्रिटिश कंपनीची जाहिरात. अशी व्हॅन खरंच रस्त्यावर धावत होती का? आणि तळावर लेडोचं नाव आहे म्हणजे छपाईही कारखान्याचीच समजायची का?

उत्तर : गाडी आणि जाहिरात वेगवेगळी तपासा. जॅक ओडेल यांनी १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये लेडो सुरू केली. एकाच साच्यावर कितीतरी कंपन्यांची नावं छापणं हाच तिचा धंदा होता, त्यामुळे त्या कंपनीकडे मॉडेल टी होतीच असं धरू नका. त्या काळचा फोटो मिळाला तरच खात्री. ऑस्कर मायर या अमेरिकन सॉसेज कंपनीच्या, सॉसेजच्याच आकाराच्या वीनरमोबाइलचं उलट आहे. तिथे १९३६ मध्ये शिकागोत खरी गाडी बनली, खेळणी मागाहून आली.

आता साचा. खऱ्या मॉडेल टीच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर १०० इंच, म्हणजे २५४० मिमी. व्हर्निअरने खेळण्यावरचं अंतर मोजा आणि २५४० ला त्याने भागा. ५९ मिमी आलं तर प्रमाण १:४३. टायरसकट चाकाचा व्यास ३० इंच असे, म्हणजे या प्रमाणात ते पावणेअठरा मिमीच्या आसपास हवं. चाक वेगळंच प्रमाण सांगू लागलं तर गाडी ठरावीक खोक्यात बसावी म्हणून साचा लहान-मोठा करून जुळवलेला असू शकतो. रेडिएटरही बघा. १९१६ पर्यंत तो पितळी होता, १९१७ पासून काळा. १९२० च्या म्हणवणाऱ्या व्हॅनला सोनेरी रेडिएटर शोभत नाही.

तळावरचं नाव फक्त ओतकामाची साक्ष देतं. कारखान्यात पूर्ण झालेली गाडी ‘कोड १’, कंपनीच्या परवानगीने बाहेर रंगवलेली ‘कोड २’, परस्पर बदललेली ‘कोड ३’. भिंगाखाली तिरका उजेड पाडा. कारखान्यातल्या पॅड-छपाईची, म्हणजे मऊ गादीने उमटवलेली, शाई थेट रंगावर बसते. अक्षरांभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड दिसली तर ते पाण्याचं ट्रान्सफर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवलेलं चित्र आहे, आणि ते बाहेर लावलेलं असू शकतं. मग कोड १ ची किंमत मोजण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

प्रश्न : अशा गाडीवरची धूळ कशी काढावी?

उत्तर : कोरड्या मऊ ब्रशने. मळ चिकट असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून कापूस फिरवा. गाडी पाण्यात बुडवू नका, पोलादी आस गंजतात. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट तर लांबच ठेवा, छापील अक्षरं एका फटक्यात पुसली जातात.